जाम झालेली इग्निशन कॉइल आणि चार स्पार्क प्लग

साताऱ्यातून कासकडे निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो, आणि दमलेला प्लग किंवा कॉइल या चढावर उघडी पडते. कॉइल जास्त व्होल्टेज तयार करते आणि प्लग त्याची ठिणगी सिलिंडरमध्ये पाडतो. सपाटीला ऐंशीच्या वेगाने शांत पळणारी गाडी घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की झटके घेते, मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त भरलं जातं. त्या दाट, दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि गॅप (ठिणगी उडते ती टोकांमधली फट) वाढलेला प्लग किंवा चिरलेला बूट (कॉइलचं प्लगवर चढणारं रबरी टोक) तिथे हात टेकतो. गाडी सीएनजीवर असेल तर हे आणखी आधी दिसतं, कारण सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके, अशी गाडी आली की पहिला हात प्लगला घालायचा.

दिवा स्थिर असेल तर गाडी घरापर्यंत आणता येते. लुकलुकत असेल तर लगेच पाय कमी करा आणि शक्य तिथे थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्याच्या किमतीत प्लग आणि कॉइलचे कितीतरी संच येतात.

मी हे काम केलं ती गाडी चार सिलिंडरची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. स्कॅनरवर कोड आला पी ०३०४, म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (जळण चुकणं). शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी ०३०० आला तर एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये गडबड आहे. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कोड कॉइलच्या वायरिंगचे किंवा कॉइलच्या आतल्या सर्किटचे. आडव्या बसवलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर बहुधा बेल्ट-पुलीच्या बाजूला आणि चौथा गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहून खात्री करा, नाहीतर चांगली कॉइल काढून फेकली जाईल.

कोड एका सिलिंडरचा असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी अदलाबदल करून पाहायची असते. चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची चौथ्यावर, कोड पुसायचा, गाडी चालवायची. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल गेलेली आहे. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. तीन पिनच्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) बहुधा आतच असतो, त्यामुळे मल्टिमीटर लावून तिची परीक्षा नीट होत नाही. अदलाबदल हीच खरी परीक्षा. इथे मात्र अडचण अशी होती की चौथी कॉइल जागची हलतच नव्हती.

हत्यारं थोडीच लागतात, पण ती अचूक हवीत. कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीची गोटी (सॉकेट). प्लगसाठी १६ मिमीची प्लग गोटी, काही नव्या इंजिनांत १४ मिमीची. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या षटकोनाच्या कडा घासते आणि मग प्लगला धरायला काही उरत नाही. गोटीत रबर किंवा चुंबक असावं, म्हणजे प्लग वर येताना सुटत नाही. १५ ते २५ सेंमीचं एक्स्टेन्शन, रॅचेट, जमलं तर टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना). एक्स्टेन्शन आणि गोटीच्या जोडावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. हे केलं नाही तर गोटी प्लगवरच अडकून, प्लग ज्या खोल नळीत बसतो तिथेच राहते आणि एक्स्टेन्शन नुसतंच वर येतं. याशिवाय लांब, वाकड्या तोंडाचा नोज प्लायर, काडीवरचं चुंबक, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सिलिकॉन स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, टॉर्च आणि अंड्यांचा रिकामा ट्रे. ट्रेवर पेनाने १, २, ३, ४ लिहायचं आणि निघालेला प्रत्येक प्लग आपल्या आकड्याच्या खळग्यात ठेवायचा. प्लग एकत्र मिसळले की त्यांनी सांगायची माहिती गेली.

चावी काढून ठेवली आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. कॉइल हजारो व्होल्ट तयार करते. हातात धरून किंवा बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय या गाड्यांवर करू नका, माणसालाही धोका आणि इंजिनच्या कंप्युटरलाही.

पहिलं मोडतं ते कपलर, म्हणजे कॉइलला तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड. आठ-दहा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून त्याचं प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. आधी कपलर कॉइलकडे किंचित आत ढकला, त्याने लॉकवरचा ताण सुटतो. मग कळ दाबून बाहेर ओढा. काही कपलरना वेगळी लाल किंवा करड्या रंगाची सरकपट्टी असते, ती आधी मागे घ्यायची. तारेला धरून कधीच ओढायचं नाही. कळ मोडलीच तर परत बसवताना प्लास्टिकच्या टायने बांधून काम चालतं, पण ती तात्पुरती सोय आहे, नवा कपलर टाकायचाच.

बोल्ट निघाल्यावर पहिली आणि तिसरी कॉइल सरळ वर आली. दुसरी चिकट ओढ देत आली. चौथी दगडासारखी. इथे थांबून विचार करायचा. कॉइल अडकण्याची कारणं तीन, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

पहिलं कारण उष्णता. बुटाचं रबर प्लगच्या चिनीमातीवर वर्षानुवर्षं भाजून चिकटतं. दुसरं तेल. टॅपेट कव्हरखालच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाखालच्या) प्लग नळीचं सील कडक झालं की ऑइल झिरपून नळीत उतरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीच्या भिंतीला धरून बसतं. तिसरं पाणी. पाण्याने प्लगच्या षटकोनावर गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही मिळून बुटाचं तोंड आवळतात. ज्या गाड्यांत पेन्सिल कॉइल असते, म्हणजे अख्खी कॉइलच नळीच्या आत उभी असते, तिथे कॉइलचं लोखंडी आवरण गंजून फुगतं आणि ते काम सगळ्यात चिवट.

टॉर्च मारून पाहिलं तर चौथ्या कॉइलच्या वरच्या रबरी कडेभोवती पांढरी भुकटी होती. म्हणजे पाणी. साताऱ्याच्या पावसाळ्यात पाणी इंजिनवर येण्याचा एक ठरलेला रस्ता आहे. पुढची काच आणि बॉनेट यांच्या मधल्या जाळीत झाडाचा पाला साठतो. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर त्याची बारीक पानं जाळीतून आत जाऊन पाणी उतरायची वाट बुजवतात. मग पाणी बाजूने वाहून जाण्याऐवजी तुंबतं आणि इंजिनवर टपकतं. दुसरा रस्ता वॉशिंग सेंटरचा, दाबाच्या पाण्याने इंजिन धुणं. कॉइलवरची रबरी टोपी पावसाच्या शिंतोड्यांपुरती असते, प्रेशरच्या फवाऱ्यापुढे ती टिकत नाही.

जाम कॉइल काढताना दोन चुका सर्रास होतात. एक, स्क्रू ड्रायव्हर खाली घालून एका बाजूने उचकटणं. कॉइलचा कान तुटतो किंवा प्लास्टिकच्या टॅपेट कव्हरला तडा जातो, आणि मग छोटं काम मोठं होतं. दुसरी, सरळ वर जोर लावून ओढणं. रबराची पकड लांबीभर असते आणि आत निर्वात पोकळीही धरलेली असते. ओढलं की रबर ताणून बारीक होतं, वरचा भाग सुटतो आणि बूट नळीतच राहतो. आधी फिरवायचं, मग उचलायचं.

इंजिन कोमट असताना रबर जरा मऊ असतं. म्हणून कॉइल परत जोडून गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवली आणि बंद केली. कॉइलसाठी कोमट इंजिन चालतं, प्लगसाठी नाही, ते पुढे सांगतो. मग बोल्ट काढून कॉइलच्या भोवती सिलिकॉन स्प्रेचे दोन छोटे फवारे मारले आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे इथे टाळा. ते रबराला खातात, आणि गरम इंजिनवर आग लागायची भीती असते. प्लग जागेवर आहे तोवर फवारलेलं सिलिंडरमध्ये जात नाही, ही खात्री आहे.

वीस मिनिटांनी रबरी हातमोजा घालून कॉइलचं डोकं मुठीत धरलं. कपलर बसतो ते टोक पकडायचं नाही, ते तुटतं. दहा-पंधरा अंश उजवीकडे, तितकंच डावीकडे. पहिल्या दहा-बारा वेळा काहीच जाणवत नाही. मग एखाद्या वेळी बारीक टक् असा आवाज येतो आणि कॉइल मुठीत सैल लागते. तो आवाज येईपर्यंत वर ओढायचं नाही. आल्यावरही फिरवत फिरवतच वर घ्यायचं. हात पुरत नसेल तर कॉइलच्या मानेभोवती जाड सुती पट्ट्याचा फास घालून सरळ वर ओढा, दुसऱ्या हाताने फिरवणं चालू ठेवून.

इतकं करूनही चौथ्या कॉइलचा बूट अर्ध्यात फाटला. खालचा तुकडा आणि आतली स्प्रिंग नळीत राहिली. हे अगदी नेहमीचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आधी बाकीच्या नळ्यांवर चिंध्या घाला. नोज प्लायरने रबराची कड पकडून स्वतःभोवती पीळ द्यायचा, पीळ बसला की बुटाचा व्यास कमी होतो आणि तो भिंतीपासून सुटतो. स्प्रिंग चुंबकाने वर आली. निघालेले तुकडे कागदावर मांडून बूट पूर्ण झाला का ते जुळवून पाहा. एक तुकडा कमी असेल तर तो नळीतच आहे. बुटाच्या आत उभी काळी रेघ होती आणि प्लगच्या चिनीमातीवरही तशीच. विजेने बाहेरून वाट शोधली होती, ठिणगी आत न पडता बुटातून हेडला (सिलिंडरवरच्या, प्लग बसतो त्या धातूच्या भागाला) जात होती. अशी रेघ दिसली की प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुन्यावरची कार्बनची वाट नव्यालाही बिघडवते.

प्लग सोडवायच्या आधी नळी साफ करणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे. प्लग ढिला झाला की नळीत जे काही असेल ते सरळ सिलिंडरमध्ये पडतं. गंजाची पापडी, वाळूचा कण, रबराचा तुकडा, यातलं काहीही आत गेलं तर सिलिंडरची भिंत ओरखडते. दुसऱ्या नळीत बोटाच्या एका पेराइतकं ऑइल उभं होतं. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणून तिला सलाईनच्या नळीचा तुकडा लावला आणि ते ओढून घेतलं, राहिलेलं काडीवर चिंधी गुंडाळून टिपलं. चौथ्या नळीत हवा मारली. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप आणि बारीक नळी पुरते, डोळ्यावर चष्मा मात्र हवाच. मग प्लग अर्धा फेरा सोडून पुन्हा हवा मारायची, कारण वॉशरखाली दबलेली धूळ तेव्हाच मोकळी होते.

आता इंजिन पूर्ण थंड पाहिजे. हात टेकवून गार लागलं पाहिजे, सोयीचं म्हणजे रात्रभर ठेवून सकाळी काम. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. गरम हेडमधून प्लग सोडवला तर ॲल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर ओढले जाण्याची भीती असते. चौथा प्लग पाव फेरा सुटला आणि कर्र असा आवाज करायला लागला. त्या आवाजाला ओलांडून पुढे जायचं नाही. परत थोडा आवळला, बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडले, अर्धा तास थांबलो. इथे रबर नाही, म्हणून इथे ते तेल चालतं. मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा पाव फेरा बाहेर. दहा मिनिटं लागली, पण आटे शाबूत राहिले. आटे गेले तर हेडमध्ये हेलिकॉइल (आट्यांसाठी तारेचं नवं अस्तर) बसवावी लागते आणि ते लेथवाल्याचं काम, घरचं नव्हे.

निघालेले प्लग ट्रेमध्ये शेजारी शेजारी पाहिले. पहिला आणि तिसरा फिकट तपकिरी, म्हणजे तिथलं जळण नीट. दुसऱ्याच्या आट्यांवर आणि वरच्या चिनीमातीवर ऑइल, पण आतलं टोक कोरडं, तपकिरी. हा फरक ओळखता आला पाहिजे. बाहेरून ऑइल म्हणजे कव्हरचं सील, टोकावर ऑइल म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पहिल्याचं काम थोड्या पैशांत होतं, दुसऱ्यासाठी इंजिन उघडावं लागतं. चौथ्याचं टोक काळं आणि पेट्रोलने ओलं. कोरडी काजळी असती तर एअर फिल्टर किंवा जास्त पेट्रोल पाहिलं असतं. पांढरं पडलेलं, फोड आलेलं टोक असतं तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग तापतो आहे असं धरलं असतं. चिनीमातीच्या बाहेरच्या भागावर पत्र्याच्या कडेला तपकिरी वलय दिसलं तर पुष्कळ जण कॉम्प्रेशन गळतं म्हणतात. ते बहुधा उच्च व्होल्टेजने ओढलेल्या तेलकट धुळीचा डाग असतो, त्यावरून इंजिन उघडू नका.

फिलर गेज लावला तर चौथ्याचा गॅप १.४ मिमीच्या आसपास. मॅन्युअलमध्ये १.० ते १.१. सगळी साखळी इथून सुरू झाली असावी: गॅप वाढला, कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागलं, ओल्या बुटातून विजेने सोपी वाट काढली.

नवे प्लग मॅन्युअलमधल्या नंबराचेच घ्यावेत. दुकानात तो नंबर नसला की दुसऱ्या कंपनीचा चालेल म्हणून देतात. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा मोठा तितका गरम. आकडा बघून जुळवायला गेलं की नेमकं उलटं होतं. गॅप नव्या प्लगचाही तपासायचा. साध्या निकेल प्लगचा बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलकेच दाबून गॅप जुळवता येतो. इरिडियमच्या मधल्या बारीक टोकाला गेज घासू नका, ते तुटतं. हातातून फरशीवर पडलेला प्लग बाजूला ठेवा. चिनीमातीची आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

प्लग आत सोडायला पेट्रोलच्या रबरी नळीचा फूटभर तुकडा घेतला आणि त्यात प्लगचं डोकं खोचलं. आधी उलटा फिरवायचा. आट्याची सुरुवात जुळली की हलका टक् लागतो, तिथून सुलटा. आटा तिरका चढला तर नळीच पिळते आणि थांबते, हेड वाचतं. रॅचेट हातात घेऊन सुरुवात केली तर हे कळत नाही. १९ मिमी लांबीच्या आट्याला १.२५ मिमीच्या पिचने बारा-पंधरा फेरे हाताने जायला पाहिजेत. एक-दोन फेऱ्यांत अडला तर काढा आणि पुन्हा सुरुवात करा.

१४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्याला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, तेवढ्यात वॉशर चेपतो. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तिथे फेऱ्याचा बारावा भाग पुरे. कमी आवळला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो तापून खराब होतो. जास्त आवळला तर आटे आणि प्लगचं कवच ताणलं जातं. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावायची गरज नाही. आजच्या प्लगवर मुलामा असतो, आणि ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला प्लग ठरलेल्यापेक्षा जास्त आवळला जातो.

सिलिकॉन ग्रीस मात्र बुटाच्या तोंडाच्या आतल्या कडेला, इअरबडने, पातळ थरात. स्प्रिंगला लागू द्यायचं नाही. बेअरिंगचं ग्रीस किंवा व्हॅसलिन इथे वापरलं की ते खनिज तेल रबर फुगवतं आणि पुढच्या वेळी कॉइल पुन्हा जाम. पहिल्या तीन कॉइलींचे बूट पुसून, आत टॉर्च मारून काळी रेघ नाही हे पाहून परत घातले. चौथीला नवी कॉइल. बूट सुटा मिळतो तिथे नुसता बूट आणि स्प्रिंगही चालते, पण या कॉइलच्या डोक्यावरच्या प्लास्टिकलाही केसासारखी चीर होती. कॉइल दाबून बसवताना प्लगच्या डोक्यावर बूट चढल्याचं हाताला कळतं. बोल्ट ६ मिमीचे, ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या रॅचेटने दोन बोटांचा जोर.

एवढ्यावर कॉइल बदलली म्हणून काम संपत नाही. पाणी का आलं ते तसंच ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात नवी कॉइलही अडकेल. जाळी काढून पाला उपसला, वरून तांब्याभर पाणी ओतून ते चाकाच्या मागे उतरतं का पाहिलं. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी एका ठिकाणी सुटली होती, ती खोचली. दुसऱ्या नळीच्या ऑइलसाठी टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळ्यांची सीलं मागवली आहेत. तोवर महिन्याला एकदा ती कॉइल काढून नळी टिपणार.

निगेटिव्ह तार जोडून सेल मारला. पहिली काही सेकंद इंजिन थरथरलं, सायलेन्सरमधून थोडा धूर आला, कारण सिलिंडरमध्ये उतरलेले तेलाचे थेंब जळत होते. मग आयडलिंग सरळ झालं. कोड पुसला, स्कॅनर लावून ठेवूनच यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरला चढवला, एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. मिसफायरचा आकडा चारही सिलिंडरांना शून्य. घरी येऊन इंजिन गार झाल्यावर चारही बोल्ट पुन्हा हाताने तपासले आणि वहीत किलोमीटर, तारीख आणि प्लगचा नंबर लिहून ठेवला.